देवक बसायच्या आदल्या दिवशी

पोरीच्या लग्नाला दोन दिवस उरले असताना मी दिवसभर मोटरसायकलवर उल्हास नदीच्या काठाने भटकत होतो. ज्या माणसाला डोकं खाजवायला फुरसत नसावी, तो लग्नघरातला बाप कोंडिवड्याच्या अंगाला डोहाकाठी आंब्याखाली पाय पसरून करवंदं खात होता. चांगला दिवस गेला तो. ऊन होतं पण वारा होता, रस्ते मोकळे होते, आणि नदी वरपासून खालपर्यंत इतकी निवांत बघायला मला कितीतरी वर्षांत मिळाली नव्हती. हे लिहिताना कान गरम होतात. दिवस चांगला गेला हे खोटं नाही आणि मला लाज वाटते ती मुळात त्याचीच.

घरातून बाहेर पडण्याचं कारण काका. माझ्या वडिलांचा पाठचा भाऊ. आमचं मूळ गाव नदीपलीकडे, भिवपुरीच्या वीजघराच्या बाजूला. मी कारखान्यात लागलो तेव्हा खोपोलीजवळ साजगावात आलो आणि तिथेच घर बांधलं. काका वीजघरात नोकरी करून रिटायर झाला आणि गावातच भात लावत राहिला. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. त्यानंतर माझं जे काही झालं, शाळा, नोकरी, लग्न, त्या प्रत्येक ठिकाणी काका उभा होता. माझ्या लग्नात बापाच्या पाटावर तोच बसला. मोटरसायकलही मला त्यानेच शिकवली, नदीच्या वाळूत, कारण वाळूत पडलं तर लागत नाही असं त्याचं मत होतं. लागतं.

त्या आठवड्यात काकाला दवाखान्यातून घरी आणलं होतं. ‘घरी घेऊन जा’ असं डॉक्टर कधी म्हणतात हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. मी जाऊन बघून आलो होतो. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पोरीचं विचारलं, आणि पुन्हा मिटले.

आता काका म्हणजे भावकी, तीही अगदी सख्खी. तो गेला की आम्हाला दहा दिवसांचं सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. जावई जहाजावर नोकरीला. लग्न उरकलं की आठवडाभरात त्याला बोट गाठायची होती, म्हणजे लग्न पुढे गेलं असतं तर सरळ पुढच्या सालावर गेलं असतं. पोरीचं एकदा जुळून मोडलेलं. तेव्हा तिने तोंडातून शब्द काढला नव्हता, फक्त सहा महिने लोकांच्या लग्नांना जाणं बंद केलं होतं. ते सहा महिने तिच्या आईच्या आणि माझ्या अजून डोळ्यांपुढे होते.

बायकोने गुरुजींना आडून आडून विचारलं. गुरुजी शहाणे, त्यांनीही आडूनच सांगितलं. सुतक कानावर आल्यापासून लागतं, कानावर आलं नाही तर लागत नाही. आणि आंब्या-जांभळाचे डहाळे आणून, पूजा करून घरात देवक एकदा बसवलं, की मग मागाहून काही घडलं तरी लग्न थांबवत नाहीत. देवक दुसऱ्या दिवशी सकाळी बसणार होतं. म्हणजे प्रश्न एका दिवसाचा होता. तेवढा एक दिवस माझ्या कानावर काही येता कामा नये.

त्या दिवशी सकाळी चहा घेत होतो आणि फोन वाजला. काकाच्या मुलाचा. फोन वाजत होता आणि मी नि बायको घरात साप निघाल्यासारखे त्याच्याकडे बघत होतो. थांबला. परत वाजला. “घेऊ नका,” बायको हळूच म्हणाली. मी घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजल्यावर मी तो बंदच करून टाकला. मनात म्हटलं, काका गेला. आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. मला आधी मंडप आठवला.

तेवढ्यात मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, नवरीचा मामा, लग्नाच्या कामाला आठ दिवस येऊन राहिलेला. त्याला आमचं सुतक नाही, त्याच्या कानावर काहीही आलं तरी चालण्यासारखं होतं. त्यानेच तोड काढली.

“दाजी, तुमी घरात थांबूच नका. कोनी ना कोनी येनार आनि दारातूनच हाळी देनार. त्यापरीस गाडी काढा. मी बसतो मागं. पत्रिका वाटायला गेलेत म्हनून सांगंल ताई.”

“आणि तुझा फोन?”

“माझा चालू ठेवतो. मंडपवाला हाय, आचारी हाय. तिकडचा आला तर मी बघतो.”

“तिकडचं कायबी असू दे,” मी त्याला म्हणालो, “चांगलं असो नायतर वाईट, माझ्या कानावर घालायचं नाय. मी इचारलं तरी नाय.”

“आपल्या त्वांडाला कुलूप, दाजी.”

बायकोने आपल्या थोरल्या बहिणीला ओटीवर बसवलं, तिलाही आमचं सुतक नव्हतं म्हणून. कोणी निरोप घेऊन आलंच तर तो तिथेच अडवायचा असं ठरलं. पत्रिका केव्हाच वाटून झाल्या होत्या. तरी दाखवायला म्हणून पाच-सहा उरलेल्या एका पिशवीत घालून ती हँडलला अडकवली आणि आम्ही निघालो.

खोपोलीतून पळसदरीच्या बाजूने कर्जतला आलो. कर्जतपर्यंत मी आरशात मागे बघत होतो. कर्जतला वडापावच्या गाडीवर थांबलो तेव्हाही हेल्मेट काढलं नाही, कारण तिथे आमच्या गावचं कोणी ना कोणी असतंच. हेल्मेट घालून वडापाव कसा खातात ते मी त्या दिवशी शिकलो. काच वर करायची, घास आत सारायचा, काच खाली. मेव्हणा हसून हसून लाल झाला. “दाजी, पैलवान मंगळावर चाललाय वाटतं.” मीही हसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं चाललं होतं. चौकात गावच्या एका ओळखीच्या माणसाने मला तशातही ओळखलं आणि हात वर केला. मी पाहिलंच नाही असं दाखवून गाडी दामटली. बिचाऱ्याला कदाचित लग्न किती वाजता एवढंच विचारायचं असेल.

मग नदी धरली आणि वरच्या अंगाला निघालो. कोंडिवड्याकडचा रस्ता नदीची संगत सोडत नाही. उन्हाळ्यात तिकडे उल्हास वाहत नाही, डोहाडोहात साचून राहते आणि मध्ये काळे गुळगुळीत दगड उघडे पडतात. समोर राजमाचीचे सुळके, उन्हात भाजून राखाडी झालेले. बांधांवर बहावा फुलला होता, पिवळा धम्मक, एकही पान नाही. ढाकच्या डोंगराकडून गरम वाऱ्याबरोबर पिकल्या जांभळांचा वास येत होता. मागे मेव्हणा बडबडत होता आणि मी गाडी तिसऱ्यात ठेवून आरामात चालवत होतो. एका वळणावर माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय.

एका ठाकरीण बाईकडून पळसाच्या पानावर करवंदं घेतली आणि डोहाकाठी बसलो. पाण्यात पाय सोडले. बारके मासे येऊन पायाला टोचत होते. मेव्हणा म्हणाला की लग्न पार पडलं की आपण दोघं दरसाल अशी एक फेरी मारायची. मी हो म्हणालो. तोंड करवंदांनी चिकट झालं होतं, डोळ्यावर झापड येत होती, आणि मधून मधून काका गेला हे आठवायचं. आठवलं की मी मनाशी म्हणायचो, तुला कुठे माहीत आहे? तुला कोणी सांगितलंय का? असं म्हटलं की खरंच थोडा वेळ माहीत नसल्यासारखं वाटायचं. माणूस स्वतःला किती स्वस्तात फसवू शकतो याचा मला तेव्हा अचंबा वाटला नाही, आता वाटतो.

दुपारी तिथेच मेव्हण्याचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं, उठला आणि खडकांच्या पलीकडे गेला. मला आवाज येत नव्हता, नुसता तो दिसत होता. तो आधी नुसता ऐकत होता. मग डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात घेतली. परत आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, “मंडपवाला.”

मंडपवाल्याशी बोलताना कोणी टोपी काढत नाही. मला काय समजायचं ते समजलं.

“चला दाजी,” तो म्हणाला, “जरा खालच्या अंगाला जाऊ.” त्यानंतर त्याची बडबड थांबली.

परत कर्जतला आलो आणि नदीच्या उतारानेच नेरळच्या दिशेला निघालो. पेज नदी येऊन मिळाली की उल्हास ओळखू येत नाही, इतकी बदलते. धरणाचं पाणी वीजघरातून सुटून पेजेत येतं आणि पेजेतून हिच्यात, त्यामुळे भर उन्हाळ्यात दोन्ही काठ धरून वाहणारी नदी खाली बघायला मिळते. काठाला उन्हाळी भात पिवळं पडत आलेलं. बगळे. पाण्यात बसलेल्या म्हशी. काका म्हणायचा, मुंबईवाल्यांनी पंखे लावले की आमच्या म्हशींना आंघोळ मिळते.

आमच्या गावाकडे जायच्या पुलाशी मी गाडी थांबवली. थांबायचं ठरवलं नव्हतं, हात आपोआप ब्रेकवर गेला. पलीकडे डोंगरावरून वीजघराला उतरणारे पाइप उन्हात पांढरे दिसत होते आणि त्यांच्या खाली कुठेतरी आमचं घर होतं. पूल ओलांडला तर दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. मी गाडी स्टँडला लावली, अंगातल्या कपड्यांसकट नदीत उतरलो आणि तीन बुड्या मारल्या.

लांबवर कोणी गेल्याचं कळलं की आमच्यात अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करतात. मी हिशेब घातला होता तो असा, की कानावर आलं नाही म्हणून सुतक नाही, पण अंघोळ केली म्हणून काकाचं देणंही बाकी नाही. दोन्ही डगरींवर पाय. पाणी चांगलंच गार होतं. गावाच्या दिशेला तोंड करून हात जोडले, म्हटलं, काका, माफ कर, पोरीसाठी केलं. आणि मग रडू आलं, सकाळपासून जे येत नव्हतं ते. रडून झाल्यावर मोकळं वाटलं. इतकं मोकळं की भूक लागली.

मेव्हणा काठावर उभा राहून हे सगळं बघत होता. त्याचा चेहरा कसानुसा झालेला.

“दाजी, ह्ये कशाला?”

“ऊन बाधलं जरा.”

“दाजी, ऐका ना...”

“बोलू नको,” मी त्याला म्हणालो. “तुला सकाळी काय सांगितलं व्हतं?”

माझ्या शर्टातून पाणी गळत होतं आणि तो त्याच्याकडेच बघत होता. मग त्याने पिशवीतल्या पत्रिका भिजू नयेत म्हणून पिशवी आपल्या खांद्याला लावली. आम्ही आलो तसे परत फिरलो. साजगावला पोचेपर्यंत कपडे अंगावरच वाळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवक बसलं, त्याच्या पुढच्या दिवशी लग्न लागलं. लग्न छान झालं. गावाकडची भावकी कोणीच आली नाही. कोणी का आलं नाही असं कोणी विचारलंही नाही, कारण सगळेच शहाणे. वडीलधाऱ्यांच्या रांगेत मधली एक खुर्ची रिकामी राहिली होती, तिच्यावर कोणीतरी हारांच्या पिशव्या ठेवल्या. पोरगी जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “बाबा, काकाआजोबांना आम्ही जोडीनं भेटून येऊ हां.” मी म्हणालो, हो, या.

तिला पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि बायको गावाला गेलो. आता कानावर यायला हरकत नव्हती. वाटेत मी चेहरा तयार करत होतो. ऐकल्यावर कसं दचकायचं, खाली कसं बसायचं, हे मनात घोळवत होतो. पन्नाशी उलटलेला माणूस मोटरसायकलवर बसून दचकण्याची तालीम करतो आहे, हे चित्र आता डोळ्यांपुढे आलं तरी मी दुसरीकडे बघतो.

काकाचा मुलगा अंगणातच भेटला. डोकं भादरलेलं. मी ठरवल्याप्रमाणे खाली बसलो. तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, “दादा, आबा गेलं. देवक बसायच्या आदल्या दिवशी. दिवेलागणीला गेलं.”

दिवेलागणीला. मी तालीम केलेलं सगळं विसरलो. सकाळी फोन वाजला तेव्हा काका होता. मी वडापाव खात होतो तेव्हा होता. मी नदीत उभा राहून त्याच्या नावाने बुड्या मारत होतो, तेव्हा पुलापलीकडे दहा-पंधरा मिनिटांवर तो श्वास घेत होता.

“सकाळपासून तुमचाच धोसा लावला व्हता,” तो सांगत होता. “तुमचा फोन लागंना. मंग दुपारी तुमच्या मेव्हण्याला लावला. म्हनलं, आबा शुद्धीवर हायत, दादाला घेऊन येवढ्यात या. त्यो बरं बोलला.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. लग्नघरातून निघणं जमलं नसेल एवढंच त्याने गृहीत धरलं होतं.

मेव्हण्याला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, “तुमी जाता आनि तुमच्या म्होरं त्यांनी प्रान सोडला तर, दाजी? लगीन ग्येलं असतं. तरी पुलाशी मी सांगनार व्हतो. तुमीच बोलू नको बोललात.” त्याचं काही चुकलं नाही. त्याने सांगितलं असतं तर मी पूल ओलांडला असता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे. ओलांडला असता असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

काकू आत भिंतीला टेकून बसली होती. आम्ही जाऊन तिच्यापुढे बसलो. बायको रडायला लागली, ते रडणं खरं होतं. काकूनेच तिला थोपटलं. मग मला म्हणाली, “त्यांना तुला म्होरं बसवून सांगायचं व्हतं रं. म्हनत, माझं काय झालं तर लगीन थांबवू नका, माझं सुतक त्या पोरीला नको. घरातल्या थोरल्यानं सोत्ता सांगितलं म्हंजे उद्या कोन बोट दाखवनार नाय. आमी म्हनलं, आमी सांगतो निरोप. तर नाय. मीच सांगनार म्हनं, त्यो घाबरला आसंल.”

काकूने पदराने डोळे पुसले.

“मंग ते ग्येल्यावर मी भावकीला बजावलं, साजगावला कोनी फोन करायचा नाय. लगीन होऊ द्या.” मग तिने विचारलं, “नीट झालं ना समदं?”

“झालं,” मी म्हणालो.

“आनि तू कुठं व्हतास रं त्या दिशी? दिसभर फोन बंद.”

बायको खाली जमिनीकडे बघायला लागली. अंगणात मुलगा कोणाशी तरी बोलत होता. मला खरं सांगता आलं असतं. विचारणारी काकू होती, रागावणारीतली नव्हती, आणि सांगायला त्याहून बरी वेळ पुन्हा येणार नव्हती.

“पत्रिका राहिल्या होत्या वाटायच्या,” मी म्हणालो.

“आगं बाई,” काकू म्हणाली. तिने हात पुढे केला आणि माझ्या तोंडावरून फिरवला. “म्हनून त्वांड आसं रापलंय व्हय. येवढ्या उन्हाचं येकट्यानं फिरायचं. जेवलास तरी का त्या दिशी?”

“जेवलो,” मी म्हणालो.